बांधकाम साइटवरचे जोडलेले सेन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान साइट इंजिनिअर, ठेकेदार, सल्लागार आणि ज्यांच्या टेबलावर नुकतेच एखाद्या पुरवठादाराचे चकचकीत माहितीपत्रक येऊन पडले आहे अशा सगळ्यांसाठी आहे. शक्य असेल तर ऑर्डर देण्याआधी वाचावे.

जोडलेला सेन्सर म्हणजे काय? आमच्याकडे थर्मामीटर आणि गेज आधीपासून आहेतच.

मोजण्याचे उपकरण जुनेच असते. फरक पडतो तो वाचन कोण घेते आणि ते कुठे पोहोचते यात. साध्या उपकरणाजवळ माणसाला जावे लागते, आकडा वहीत लिहावा लागतो आणि ती वही संध्याकाळी कोणी उघडली तर उघडली. जोडलेला सेन्सर ठरलेल्या अंतराने स्वतः मोजतो, आकडा गेटवेकडे (सगळ्या सेन्सरचे आकडे गोळा करून इंटरनेटवर पाठवणाऱ्या पेटीकडे) पाठवतो आणि तिथून तो फोनवर किंवा ऑफिसातल्या स्क्रीनवर दिसतो. मर्यादा ओलांडली की मेसेज येतो.

बांधकामात उपकरणे पुरण्याची कल्पना तशी जुनी आहे. १९३० च्या दशकात हूवर धरण बांधताना काँक्रीटची उष्णता काढण्यासाठी त्यात नळ्या टाकून थंड पाणी फिरवले होते आणि आत तापमान मोजण्याची सोयही केली होती. आज बदलले आहे ते एवढेच, की हे सगळे साध्या इमारतीच्या स्लॅबलाही परवडू लागले आहे.

सुरुवात कुठून करावी?

सेन्सरपासून करू नका. आधी कागदावर एक वाक्य लिहा: ‘हा आकडा इतका झाला, तर अमुक माणूस अमुक काम थांबवेल किंवा सुरू करेल.’ हे वाक्य पूर्ण होत नसेल तर तो सेन्सर घेऊ नका. डॅशबोर्डवर रंगीत आलेख दिसतील, पहिला आठवडाभर सगळे कौतुकाने बघतील आणि दुसऱ्या महिन्यात लॉगिनचा पासवर्डही कोणाला आठवणार नाही.

बहुतेक साइटवर हे वाक्य सगळ्यात सहज पूर्ण होते ते काँक्रीटच्या तापमानाबाबत. म्हणून पहिला प्रयोग तिथे करावा असे माझे मत आहे.

काँक्रीटमधला सेन्सर तापमान मोजतो. मग तो ताकद कशी सांगतो?

काँक्रीटची ताकद वाढते ती सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेमुळे, आणि त्या क्रियेचा वेग तापमानावर ठरतो. त्यामुळे ‘किती दिवस झाले’ यापेक्षा ‘किती वेळ, किती तापमानात’ हा हिशेब जास्त खरा असतो. यालाच मॅच्युरिटी पद्धत म्हणतात. ब्रिटनमध्ये नर्स आणि सॉल यांनी १९४९ ते १९५१ च्या सुमारास या हिशेबाचे साधे सूत्र मांडले. काँक्रीटच्या तापमानातून आधार तापमान वजा करायचे, त्याला वेळेने गुणायचे आणि बेरीज करत जायचे. आधार तापमान म्हणजे ज्याखाली ताकद वाढणे जवळपास थांबते ते.

आधार शून्य अंश धरला, तर ३० अंशांवर २४ तास राहिलेल्या काँक्रीटचे ७२० अंश-तास होतात. तेच काँक्रीट १५ अंशांवर राहिले तर २४ तासांत ३६० च होतील, म्हणजे तेवढ्याच मॅच्युरिटीला दोन दिवस लागतील. कॅलेंडर बघून शटरिंग (काँक्रीटला धरून ठेवणारा साचा) काढणाऱ्याला हा फरक दिसत नाही.

तो न दिसल्याची किंमत फार मोठी असू शकते. २७ एप्रिल १९७८ रोजी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंड इथे एका कूलिंग टॉवरचे बांधकाम कोसळून ५१ कामगार मृत्युमुखी पडले. वरच्या थराचे शटरिंग आणि परांची आदल्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटच्या आधारावर होती. थंडीमुळे त्या काँक्रीटला पुरेशी ताकद आलेलीच नव्हती, असे चौकशीत निघाले. मॅच्युरिटी पद्धतीवर अमेरिकेत नंतर जे गंभीर काम झाले, त्यामागे या दुर्घटनेचा मोठा वाटा आहे. पुढे या पद्धतीसाठी एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेचे सी १०७४ हे मानकही आले.

म्हणजे आता क्यूब टेस्टची (काँक्रीटचे ठोकळे फोडून ताकद पाहण्याची) गरज उरली नाही?

आहे. असे सांगणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहा.

सेन्सरला फक्त तापमान कळते. ट्रकमध्ये कोणी वाढीव पाणी घातले, व्हायब्रेटर नीट फिरला नाही, क्युरिंगला पाणीच मारले नाही, प्लँटने सिमेंटचा ब्रँड किंवा ॲडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये मिसळायचे रसायन) बदलले, यातले काहीच त्याला कळत नाही. स्क्रीनवरचा ‘ताकद’ हा आकडा म्हणजे तुमच्या मिक्ससाठी आधी प्रयोगशाळेत काढलेल्या वक्ररेषेवरून केलेला अंदाज असतो. त्यासाठी त्याच मिक्सचे नमुने साधारण १, ३, ७, १४ आणि २८ दिवसांना फोडावे लागतात आणि काही नमुन्यांत सेन्सर ठेवून त्यांचे तापमान नोंदवावे लागते. मिक्स बदलले की वक्ररेषा पुन्हा काढायची. ‘आमच्या ॲपमध्ये तयार वक्ररेषा आहेत’ हे वाक्य ऐकू आले तर त्या कोणत्या मिक्सच्या आहेत, एवढाच प्रश्न विचारा.

आणखी एक बारकावा. सुरुवातीलाच फार गरम झालेले काँक्रीट लवकर ताकद धरते, पण त्याची शेवटची ताकद थंड काँक्रीटपेक्षा कमी भरू शकते. साधे सूत्र हे पकडत नाही. म्हणून सेन्सर शटरिंग काढण्याची किंवा स्ट्रेसिंगची (काँक्रीटमधल्या केबल ताणण्याची) वेळ ठरवायला वापरा. २८ दिवसांच्या स्वीकृतीसाठी क्यूबच राहू द्या.

सेन्सर स्लॅबमध्ये कुठे बांधायचा?

जिथे ताकद सगळ्यात उशिरा येणार तिथे: कडेला, कोपऱ्यात, वारा लागणाऱ्या बाजूला, शेवटच्या ट्रकच्या काँक्रीटमध्ये. बहुतेक लोक सोयीचे म्हणून मध्यभागी बांधतात. तिथे काँक्रीट सगळ्यात गरम असते, त्यामुळे आकडा छान येतो आणि निर्णय चुकतो. सेन्सर सळईला बांधा, पण मोजणारे टोक धातूला चिकटू देऊ नका. वायर सळईच्या खालच्या बाजूने न्या, नाहीतर नीडल व्हायब्रेटर ती पहिल्या दहा मिनिटांत तोडतो. जागेवर रंगाची खूण करा आणि नीडल चालवणाऱ्याला ती स्वतः दाखवा. मुकादमाला सांगितले म्हणजे त्याला कळले, असे धरून चालू नका.

जाड राफ्टमध्ये (इमारतीखालच्या सलग पायाच्या स्लॅबमध्ये) तापमान कशासाठी मोजतात?

इथे कारण वेगळे आहे. मीटरभर किंवा त्याहून जाड काँक्रीटमध्ये आतली उष्णता बाहेर पडत नाही. दोन गोष्टींवर नजर ठेवतात. एक, गाभ्याचे कमाल तापमान. ते साधारण ७० अंशांच्या वर गेले तर पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी आतल्या आत विलंबित एट्रिंगाइट (सिमेंटमधून उशिरा तयार होणारे, जागा व्यापणारे स्फटिक) तयार होऊन काँक्रीट फुगण्याचा आणि तडकण्याचा धोका असतो. दोन, गाभा आणि पृष्ठभाग यांतला फरक. तो २० अंशांच्या आत ठेवावा असा रूढ संकेत आहे. म्हणून एकाच जागी किमान तीन सेन्सर लागतात: तळाशी, मध्ये आणि वर. शिवाय हवेच्या तापमानासाठी एक.

फरक वाढल्याचा अलार्म आला की साइटवर पहिली हाक येते, ‘पाणी मारा.’ नेमके हेच करायचे नाही. पृष्ठभाग थंड केला की गाभ्याशी असलेला फरक आणखी वाढतो आणि तडे जातात. अशा वेळी पृष्ठभाग झाकायचा असतो, ब्लँकेट किंवा थर्माकोलने. म्हणजे गरम काँक्रीटला आणखी गरम ठेवायचे. हे रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या माणसाला सुचेल अशी अपेक्षा ठेवू नका. काँक्रीट ओतण्याआधी लिहून भिंतीवर लावा आणि ब्लँकेट साइटवर आणून ठेवा.

खोल खोदकामात कोणते सेन्सर लावतात?

भिंत किती सरकली ते पाहायला इन्क्लिनोमीटर, खड्ड्याच्या भिंतींना आतून टेकू देणाऱ्या आडव्या स्ट्रटवर किती भार आला ते पाहायला लोड सेल किंवा स्ट्रेन गेज, मातीतल्या पाण्याच्या दाबासाठी पिझोमीटर आणि शेजारच्या इमारती कलतात का ते पाहायला टिल्ट सेन्सर. आपोआप फिरणारे टोटल स्टेशन (सर्वेक्षणाची दुर्बीण) इमारतींवर लावलेल्या प्रिझमकडे बघून खचण्याची नोंद घेते. वर्षानुवर्षे टिकायला हवे असेल तर व्हायब्रेटिंग वायर प्रकारावर अजूनही लोकांचा भरवसा आहे. तंबोऱ्याची तार जशी ताणावर सूर बदलते, तशी आतली तार ताण बदलला की कंपनसंख्या बदलते. कंपनसंख्या लांब केबलमधूनही बिघडत नाही, हा तिचा मोठा गुण.

इतके सगळे लावले तर खोदकाम सुरक्षित होईल ना?

सिंगापूरचा निकोल हायवे आठवा. २० एप्रिल २००४ रोजी तिथे मेट्रोच्या बोगद्यासाठी चाललेले तीस मीटरहून खोल खोदकाम कोसळले आणि चार जण मृत्युमुखी पडले. मूळ दोष डिझाइनमध्ये होता, स्ट्रट आणि वेलर (भिंतीलगतची आडवी तुळई) यांच्या जोडात. पण तिथे उपकरणे होती. भिंत अपेक्षेपेक्षा जास्त सरकते आहे हे वाचन आधीपासून येत होते. त्या आकड्यांशी जुळवून घेण्यासाठी पुन्हा गणिते केली गेली आणि काम पुढे चालू राहिले. धोक्याच्या सूचना गांभीर्याने घेतल्या नाहीत, असे चौकशी समितीने नोंदवले.

म्हणून मर्यादा काम सुरू होण्याआधी ठरवाव्यात आणि त्या बदलण्याचा अधिकार काम पुढे रेटण्याचा दबाव असलेल्या माणसाकडे ठेवू नये. सहसा तीन पायऱ्या असतात: पहिलीला वाचनाची वारंवारता वाढवायची, दुसरीला डिझाइनरला बोलवायचे, तिसरीला काम थांबवायचे. तिसरी पायरी आल्यावर ‘साहेबांना विचारून सांगतो’ असे उत्तर मिळणार असेल, तर तुमच्याकडे दोनच पायऱ्या आहेत.

आमच्या स्ट्रटचा अलार्म रोज दुपारी वाजतो. सेन्सर खराब आहे का?

बहुधा नाही, ऊन आहे. दोन्ही टोकांना पक्के अडकलेले पोलाद तापले की त्यात ताण वाढतो, दर अंशाला साधारण २.४ मेगापास्कल. दहा अंश वाढले तर २४. प्रत्यक्षात टोके थोडी दबतात, त्यामुळे आकडा याहून कमी येतो, तरी आलेखावर रोजचा डोंगर स्पष्ट दिसतो.

उपाय म्हणून मर्यादा वाढवू नका. प्रत्येक स्ट्रटवर तापमानाचा सेन्सरही असू द्या आणि रोज पहाटेची, म्हणजे तापमान स्थिर असतानाची वाचने एकमेकांशी ताडून पाहा. पहाटेचा आकडा दिवसागणिक चढत असेल तर ते खरे. एक मात्र विसरू नका: उन्हाने आलेला भारही स्ट्रटला सोसावाच लागतो. डिझाइनमध्ये तो धरला आहे का, हे विचारून घ्या. खोट्या अलार्मचा खरा तोटा हा, की महिनाभरात लोक मेसेज म्यूट करतात आणि मग खरा अलार्मही त्याच शांततेत जातो.

साइटवर नेटवर्क धड नसते. कोणते तंत्र घ्यावे?

ब्लूटूथ स्वस्त आणि सोपे, पण कोणीतरी फोन घेऊन जवळ जावे लागते. काँक्रीटच्या आत पुरलेल्या ब्लूटूथची रेंज तर फारच आक्रसते, कारण ओले काँक्रीट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेते. लोरावान हे लांब पल्ल्याचे, कमी विजेवर चालणारे रेडिओ तंत्र कमी फ्रिक्वेन्सीवर चालते. एक गेटवे उंचावर लावला तर मोठी साइट सांभाळली जाते, मात्र त्यावरून छोटे आकडेच जातात, व्हिडिओ नाही. एनबी-आयओटी हे सेन्सरसाठीचे मोबाइल तंत्र, ते मोबाइल कंपनीच्या टॉवरवर अवलंबून असते, त्यामुळे तळघरात आधी चाचणी घ्या.

साइट दर आठवड्याला बदलते हे लक्षात ठेवा. आज गेटवे जिथून सगळे बघतो, तिथे पुढच्या महिन्यात लिफ्टची काँक्रीट भिंत उभी असेल. आणि कोणतेही तंत्र घेतले तरी सेन्सरच्या स्वतःच्या मेमरीत वाचने साठतात का, हे विचारा. नेटवर्क दोन दिवस गेले तर दोन दिवसांची नोंद जाता कामा नये.

बॅटरी दहा वर्षे चालते म्हणतात. खरे आहे का?

दिवसातून एक-दोनदा मेसेज पाठवला तर चालेलही. दर मिनिटाला पाठवला तर नाही. माहितीपत्रकातला आकडा कोणत्या अंतराने पाठवल्यावरचा आहे ते बघा.

गॅस आणि ऑक्सिजनचे मीटरही नेटवर्कला जोडावेत का?

जोडा, पण जीव वाचवणारा अलार्म नेटवर्कवर सोडू नका. मॅनहोल, टाकी किंवा बोगद्यात उतरलेल्या माणसाच्या अंगावरचे मीटर तिथल्या तिथे वाजले, चमकले आणि थरथरले पाहिजे. वर ऑफिसात मेसेज जाणे ही जादाची सोय. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा वास जास्त प्रमाणात नाकाला येईनासाच होतो, त्यामुळे ‘वास आला तर बाहेर येऊ’ हा हिशेब चालत नाही. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला की आत थांबायचे नाही, हा सर्वमान्य संकेत आहे.

या सेन्सरची झीज होते. ज्वलनशील वायूचे काही प्रकारचे सेन्सर सिलिकॉनच्या वाफांनी निकामी होतात आणि तरीही शून्य दाखवत राहतात. शून्य म्हणजे सुरक्षित की मेलेला सेन्सर, हे बाहेरून कळत नाही. म्हणून वापरण्याआधी ज्ञात प्रमाणाचा वायू सोडून तपासणे हाच एक मार्ग.

क्रेनसाठी काय उपयोगाचे?

वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र, आणि ते क्रेनच्या माथ्यावर. खाली जमिनीवर पान हलत नसताना वर जोराचा वारा असू शकतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: सेकंदाला १० मीटरचे १४ झाले की दाब जवळपास दुप्पट. शटरिंगच्या मोठ्या पॅनलसारखा पसरट भार उचलताना मर्यादा आणखी कमी धरावी लागते, आणि हे सेन्सरला माहीत नसते. ते ऑपरेटर आणि रिगरला (भार बांधणाऱ्याला) माहीत असावे लागते.

पोकलेन, डंपर, डीजी सेट (डिझेल जनरेटर) यांवर ट्रॅकर लावून फायदा होतो?

होतो, आणि तो लवकर दिसतो. यंत्र किती तास चालू होते आणि त्यातले किती तास नुसतेच घुरघुरत उभे होते, हे कळले तरी डिझेलचा प्रश्न अर्धा उलगडतो. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे असतील तर आयएसओ १५१४३-३ या मानकानुसार माहिती मिळते का ते विचारा, नाहीतर प्रत्येक कंपनीचे वेगळे पोर्टल उघडत बसावे लागेल.

कामगारांच्या हेल्मेटमध्ये ट्रॅकर लावावा का?

तंत्र उपलब्ध आहे. अल्ट्रा-वाइडबँड या जवळच्या पल्ल्याच्या रेडिओ तंत्राने बंदिस्त जागेतही माणूस कुठे आहे ते काही दहा सेंटिमीटरच्या अचूकतेने कळते, जीपीएस तिथे चालतच नाही. बोगद्यात आग लागली तर आत कोण उरले हे कळणे अमूल्य आहे. मागे येणाऱ्या डंपरच्या ऑपरेटरला जवळच्या माणसाची सूचना मिळणे, हेही तसेच.

पण तोच डेटा चहाला किती वेळ गेला हे मोजायला वापरला गेला, तर पुढच्या आठवड्यात हेल्मेट एका जागी टांगलेली आणि माणसे दुसरीकडे दिसतील. काय मोजतो, कशासाठी, किती दिवस ठेवतो आणि कोण बघू शकतो, हे कामगारांना त्यांच्या भाषेत आधी सांगा. सुरक्षेसाठी घेतलेली माहिती हजेरी किंवा पगार कापायला वापरणार नाही, हे लेखी द्या. देता येत नसेल तर ट्रॅकर लावू नका, असेच मी म्हणेन.

धूळ आणि आवाज मोजणारे स्वस्त सेन्सर चालतात का?

कल समजायला चालतात. प्रकाशावर चालणारे धुळीचे सेन्सर दमट हवेत आणि धुक्यात पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतात, म्हणून वाद किंवा तक्रार असेल तिथे प्रमाणित उपकरणच लागते.

डेटा कोणाच्या मालकीचा?

करारात जे लिहिले असेल त्याच्या मालकीचा, आणि बहुतेक करारांत काहीच लिहिलेले नसते. मालक, ठेकेदार, उपठेकेदार आणि सेन्सर पुरवणारी कंपनी असे चार दावेदार होतात. काही वर्षांनी तडा गेला आणि भांडण उभे राहिले की ओतल्या दिवसाचे तापमान सगळ्यांनाच हवे असते. पुरवठादाराचे वर्गणीचे खाते बंद झाल्यावर तो डेटा राहतो का, कच्ची वाचने साध्या फाइलमध्ये उतरवता येतात का, हे खरेदीच्या वेळीच ठरवा.

सुरक्षेचे म्हणाल तर पहिला दिवस, पहिले काम: कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असे पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले होते.

काम संपल्यावर सेन्सर काढून टाकायचे?

सगळेच नाही. मिनीआपोलिसमधला आय-३५डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ रोजी कोसळला आणि १३ जणांचा जीव गेला. त्याच्या जागी २००८ मध्ये उघडलेल्या नव्या पुलात ३०० हून अधिक सेन्सर बसवले गेले. हाँगकाँगच्या त्सिंग मा पुलावर १९९७ पासूनच अशी व्यवस्था आहे. मात्र जुना पूल पडला तो मूळ डिझाइनमध्ये जोडपट्ट्या पातळ धरल्यामुळे. सेन्सर असते तर वाचला असता, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. कोणता भाग कसा निकामी होऊ शकतो हे आधी ठाऊक असेल, तरच सेन्सर योग्य जागी बसतो.

लहान कामाला हे परवडते का?

उपकरणाची किंमत हा खर्चाचा लहान भाग असतो. बसवणे, तुटलेल्या वायरी बदलणे, गेटवेची वीज, मासिक वर्गणी आणि रोज आकडे बघणाऱ्या माणसाचा वेळ यांत पैसा जातो. एखाद्या बंगल्याच्या एका स्लॅबसाठी हे सगळे उभे करण्यात अर्थ नाही. तिथे शटरिंग चार दिवस जास्त ठेवणे स्वस्त पडते. पण एकसारखे मजले एकावर एक चढत असतील आणि प्रत्येक मजल्यामागे शटरिंगचा एक दिवस वाचणार असेल, तर पहिल्या तीन-चार स्लॅबनंतर हिशेब तुमचा तुम्हालाच मांडता येईल. त्यासाठी सेन्सर नसतानाच्या दोन मजल्यांची शटरिंग काढल्याची तारीख आणि वेळ आजपासून लिहून ठेवा.